नमुना थेंबभर, शोध एकाच क्रमाचा: क्यूपीसीआर पहिल्यांदा लावताना

क्यूपीसीआर म्हणजे डीएनएचा एक ठरावीक क्रम दुप्पट-दुप्पट वाढवत मोजण्याची पद्धत. ती लावताना पिपेट (थेंब मोजून घालायचं साधन) नंतर. आधी कागद-पेन घ्या आणि रेणू मोजा.

माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. म्हणजे १ नॅनोग्रॅम डीएनए हा जेमतेम दीडशे पेशींचा ऐवज, आणि त्यात कुठल्याही एका जनुकाच्या सुमारे तीनशे प्रती. इथवर बरं आहे. पण एखाद्या स्वॅबवर हव्या त्या विषाणूचे वीसच रेणू असतील तर? शुद्धीकरणात निम्मे गेले असं धरू, दहा उरले. ते ५० मायक्रोलिटर बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) उतरवले आणि त्यातले ५ मायक्रोलिटर अभिक्रियेत घातले. ट्यूबमध्ये सरासरी एक रेणू पोचला.

सरासरी एक म्हणजे दरवेळी एक नव्हे. कधी दोन येतील, कधी तीन, आणि १०० पैकी ३७ वेळा एकही येणार नाही. मशीन चोख, रसायनं ताजी, हात स्थिर, तरी निकाल निगेटिव्ह. सरासरी तीन रेणू पोचत असतील तर रिकाम्या ट्यूबची शक्यता ५ टक्क्यांवर येते. म्हणून एका अभिक्रियेत ९५ टक्के खात्रीने पकडण्याची तात्त्विक सीमा तीन रेणूंची धरतात. त्याच्याही खाली खात्रीने पकडतो असं कुणी म्हणालं, तर हिशोब विचारा.

हे गणित सुरुवातीलाच मांडतोय, कारण नवीन माणसाचं सगळं लक्ष मशीनकडे असतं. मशीन काही करत नाही हो. थोडक्या नमुन्यात आपली कामं दोनच: आपले रेणू ट्यूबपर्यंत जास्तीत जास्त पोचवायचे, आणि परके रेणू आत येऊ द्यायचे नाहीत. खालची प्रत्येक पायरी या दोनपैकी एकासाठी आहे.

पद्धत थोडक्यात

पीसीआरची कल्पना कॅरी मुलिस यांना १९८३ साली सुचली आणि १९९३ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डीएनए तापवून दोन धागे सुटे करायचे, थंड करून त्यांवर प्रायमर (नवा धागा जिथून सुरू होतो ते डीएनएचे छोटे तुकडे) बसू द्यायचे, आणि पॉलिमरेज विकराने नवा धागा विणायचा. एका फेरीत दुप्पट. तीस फेऱ्यांत एका रेणूचे शंभर कोटींहून जास्त. दर फेरीला उकळत्याच्या जवळ जाणारं तापमान सोसणारा टॅक पॉलिमरेज हा थर्मस अॅक्वाटिकस या जिवाणूचा. तो मूळचा यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतला. क्यूपीसीआरमध्ये फरक इतकाच की ट्यूबमध्ये एक चमकणारं रसायन असतं आणि दर फेरीला मशीन त्याचा उजेड मोजतं. उजेड ठरावीक रेषा कितव्या फेरीत ओलांडतो तो आकडा म्हणजे सीटी. क्यूपीसीआरचे निकाल कसे मांडावेत हे सांगणाऱ्या २००९ च्या एमआयक्यूई मार्गदर्शक तत्त्वांनी त्याला सीक्यू म्हणा असं सुचवलं, लिहिताना तसं लिहितातही, पण बोलताना बहुतेकांच्या तोंडी सीटीच. सीटी जितका लहान तितका माल जास्त. दहापट फरक म्हणजे साधारण ३.३ फेऱ्या.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"हा क्रम आहे की नाही?", "किती आहे?" आणि "एका बेसचा, म्हणजे डीएनएच्या एका अक्षराचा, बदल आहे का?" हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांचं सामान वेगळं लागतं. मुबलक नमुन्यात फक्त प्रमाण बघायचं असेल तर साइबर ग्रीनसारखा रंग पुरतो आणि स्वस्तही पडतो. पण तो कुठल्याही दुहेरी डीएनएला चिकटून चमकतो. दोन प्रायमर एकमेकांवर बसून जो फालतू तुकडा तयार होतो, त्यालाही. हवे ते रेणू हातावर मोजण्याइतके असताना नेमके हेच फालतू तुकडे माजतात. म्हणून थोडक्या नमुन्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: प्रोब वापरा. प्रोब हा प्रायमरच्या मधल्या क्रमावर बसणारा तिसरा तुकडा. त्याच्या एका टोकाला चमक, दुसऱ्या टोकाला ती विझवणारा रेणू. पॉलिमरेज तिथवर येऊन त्याचे तुकडे करतो तेव्हाच चमक सुटते. तिन्ही तुकडे जुळले तरच उजेड.

पायरी २: प्रायमर आणि प्रोब

प्रायमर १८ ते २५ बेसचे, त्यात जी आणि सी ही अक्षरं मिळून ४० ते ६० टक्के, दोघांचं वितळण्याचं (धाग्यापासून सुटण्याचं) तापमान ६० अंशांच्या आसपास आणि एकमेकांपासून फार तर एक-दोन अंश लांब. प्रोबचं त्याहून ८ ते १० अंश वर, म्हणजे प्रायमरच्या आधी तो जागेवर बसलेला असतो. प्रोबच्या ५' टोकाला (धाग्याच्या सुरुवातीच्या टोकाला) जी नको, शेजारची चमक मंदावते.

दोन प्रायमरच्या मध्ये वाढणारा तुकडा ७० ते १५० बेसचा ठेवा. जुन्या, फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या किंवा रक्तद्रवातल्या नमुन्यात डीएनए तुटलेला असतो. तिथे ३०० बेसचा तुकडा मागितलात तर तितका अखंड रेणू सापडेलच असं नाही. असलेला मालही हाती लागत नाही, आणि हे निकालात दिसतही नाही.

प्रायमरच्या ३' टोकाची, म्हणजे जिथून विणकाम पुढे जातं त्या टोकाची, शेवटची चार-पाच अक्षरं सगळ्यात महत्त्वाची. तिथे एक अक्षर चुकलं तर विणकाम अडतं किंवा उशिरा सुरू होतं. भराभर बदलणारा विषाणू असेल तर बरेच क्रम एकाखाली एक लावून न बदलणारा भाग निवडा, आणि ब्लास्टमध्ये (क्रम जुळवून पाहणाऱ्या ऑनलाइन साधनात) टाकून हा क्रम नको तिथे जुळत नाही ना ते पाहा. आरएनए मोजायचा असेल तर प्रायमर किंवा प्रोब दोन एक्झॉनच्या (जनुकाचे जे भाग आरएनएमध्ये एकमेकांना जोडले जातात त्यांच्या) सांध्यावर बसवा, म्हणजे सोबत आलेला जनुकीय डीएनए मोजला जाणार नाही.

एक बारीक गोष्ट. प्रायमर कोरडे येतात तेव्हा ट्यूब उघडण्याआधी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवा. ती पूड झाकणालाही चिकटलेली असते, झाकण उघडताच उडते, आणि मग "प्रायमर कमी भरला" म्हणून कंपनीला पत्रं जातात.

पायरी ३: जागा

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त घात इथेच होतो.

पूर्ण झालेल्या पीसीआरच्या २० मायक्रोलिटरमध्ये तयार तुकड्याच्या हजारो कोटी प्रती असतात, कधी लाख कोटींच्या घरात. ट्यूब उघडली की न दिसणारा फवारा उडतो. त्यातल्या १ पिकोलिटरच्या थेंबातही हजारो प्रती भरतात. असा एक थेंब पिपेटच्या दांड्यावर बसला की पुढचे काही आठवडे तुमचा प्रत्येक नमुना "पॉझिटिव्ह". म्हणून पहिला नियम: क्यूपीसीआरची ट्यूब संपल्यावर उघडायची नाही. तशीच पिशवीत बंद करून टाका. ऑटोक्लेव्हमध्येही (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नका. झाकणं सुटतात आणि लहान तुकडे उष्णतेने पूर्ण नष्टही होत नाहीत.

काम एकाच दिशेने वाहू द्या. मिश्रण बनवण्याची जागा, नमुना शुद्ध करण्याची जागा, नमुना घालण्याची जागा, शेवटी मशीन. चार खोल्या कुणाकडे असतात? दोन हूड (काम करायच्या बंदिस्त पेट्या) आणि एक वेगळं टेबलही चालतं, पण प्रत्येक जागेचे पिपेट, टिप, कोट आणि मार्कर पेनसुद्धा वेगळे हवेत. मशीनजवळ गेलेला माणूस त्या दिवशी मिश्रणाच्या हूडला हात लावत नाही. टिप फिल्टरच्याच.

टेबल पुसायला अल्कोहोल पुरत नाही. ते जंतू मारतं, डीएनए मोडत नाही. सुमारे ०.५ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, ताजं बनवलेलं, दहा मिनिटं ठेवा, मग पाण्याने पुसा. सावध: शुद्धीकरणाच्या किटमधल्या ग्वानिडिनच्या द्रावणात हे ब्लीच मिसळलं तर विषारी वायू निघतात. ते दोन कचरे एकत्र येऊ देऊ नका.

माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात नमुना नसलेल्या ट्यूबमध्ये, म्हणजे एनटीसीमध्ये, सलग तीन दिवस सीटी ३४ येत होता. पाणी बदललं, प्रायमर बदलले, पिपेट उघडून धुतले. चौथ्या दिवशी लक्षात आलं की पॉझिटिव्ह कंट्रोलच्या, म्हणजे हवा तो क्रम हमखास असलेल्या नमुन्याच्या, प्लाझमिडची (गोल डीएनएची) मूळ ट्यूब मी प्रायमरच्याच डब्यात ठेवली होती, आणि दर वेळी एकाच हातमोज्याने दोन्ही उघडत होतो. ३,००० बेसच्या प्लाझमिडच्या १ नॅनोग्रॅममध्ये ३० कोटी प्रती असतात. त्या ट्यूबमध्ये तसे काही हजार नॅनोग्रॅम होते.

तेव्हापासून दोन सवयी लागल्या. कंट्रोलचा साठा वेगळ्या फ्रीजरमध्ये, आणि रोजच्या वापराला प्रति अभिक्रिया पन्नास-शंभर प्रतींइतकाच पातळ. शिवाय जमलं तर कंट्रोलच्या मधल्या क्रमात मुद्दाम थोडी अक्षरं बदलून घ्यायची. नमुन्यात संशयास्पद सिग्नल आला तर तो तुकडा वाचून कळतं की हा पाहुणा बाहेरचा की घरातलाच.

मास्टर मिक्समध्ये (विकर आणि अक्षरांचा कच्चा माल असलेल्या तयार मिश्रणात) डीटीटीपीऐवजी डीयूटीपी, म्हणजे टी अक्षराऐवजी यू, आणि सोबत यू असलेला डीएनए तोडणारं यूएनजी विकर असेल तर जुन्या तुकड्यांची धूळ अभिक्रियेआधीच मोडली जाते. वापरा, पण त्याच्या भरवशावर शिस्त सोडू नका. प्लाझमिडमध्ये यू नसतो, त्याला ते हात लावत नाही.

पायरी ४: नमुन्यातून रेणू बाहेर काढणे

थोडका डीएनए प्लास्टिकला चिकटतो. नॅनोग्रॅमहून कमी माल साध्या ट्यूबमध्ये पातळ करून रात्रभर ठेवलात तर सकाळी बराच भिंतीवर गेलेला असतो. कमी चिकटणाऱ्या ट्यूब घ्या आणि शुद्धीकरणात कॅरियर आरएनए घाला. हा निरुपयोगी आरएनए चिकटण्याच्या जागा स्वतः अडवतो आणि आपले रेणू स्तंभावरून (किटमधल्या, डीएनए धरून ठेवणाऱ्या गाळणीवरून) खाली उतरतात. स्तंभातून उतरवताना बफर किटच्या किमान मर्यादेपर्यंत कमी घ्या. २० मायक्रोलिटरमध्ये उतरवलेला माल ५० पेक्षा अडीचपट घट्ट, वरच्या हिशोबात सरासरी एकऐवजी अडीच रेणू. बफर घातल्यावर एक-दोन मिनिटं थांबून मगच फिरवा.

धुण्याच्या शेवटी रिकामा स्तंभ एकदा जोरात फिरवून अल्कोहोल पूर्ण काढा. उरलेलं अल्कोहोल, रक्तातला हीम, मातीतलं ह्युमिक आम्ल, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन हे सगळे पॉलिमरेजचे वैरी. साठवणीच्या बफरमधलं ईडीटीए तर त्याला लागणारं मॅग्नेशियमच पळवतं. म्हणून साठवणीला फक्त ०.१ मिलीमोलर ईडीटीएचा टीई बफर बरा.

मोजायचं असेल तर फ्लुओरोमीटरवर (डीएनएला चिकटलेल्या रंगाची चमक मोजणाऱ्या यंत्रावर). २६० आणि २८० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो त्याचं, म्हणजे २६०/२८० चं, गुणोत्तर डीएनएला १.८ आणि आरएनएला २.० हे पाठ असू द्या, पण इतक्या पातळ द्रावणात स्पेक्ट्रोफोटोमीटरचा (शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा म्हणजे निव्वळ गोंगाट. कॅरियर आरएनए घातला असेल तर तोच मोजला जातो. अशा वेळी मोजण्यात मायक्रोलिटर घालवू नका, थेट पीसीआर लावा.

प्रत्येक बॅचबरोबर एक ब्लँक काढा: नमुन्याऐवजी पाणी, बाकी सगळं तसंच. एनटीसी फक्त मिश्रणाची साक्ष देतो, शुद्धीकरणाची नाही.

पायरी ५: आरएनए असेल तर

आरएनए तोडणारे विकर बोटांवर, धुळीत, सगळीकडे असतात आणि उकळूनही सहज मरत नाहीत. हातमोजे वारंवार बदला, ट्यूब बर्फावर, साठवण उणे ८० अंशांवर, तीही वेगवेगळ्या ट्यूबमध्ये थोडी-थोडी वाटून.

आरएनएचा आधी सीडीएनए (त्याच क्रमाची डीएनए प्रत) करावा लागतो, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज विकराने, बहुधा ४२ ते ५५ अंशांवर. इथे पुन्हा हिशोब. २० मायक्रोलिटरमध्ये सीडीएनए बनवून त्यातले २ मायक्रोलिटर पुढे घेतले की नव्वद टक्के माल मागे राहिला. एकच क्रम शोधायचा असेल तर दोन्ही कामं एकाच ट्यूबमध्ये करणारं वन-स्टेप किट घ्या. अनेक जनुकं तपासायची असतील तर मात्र दोन टप्पेच सोयीचे. सोबत रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली एक ट्यूब ठेवा. तिच्यात सिग्नल आला तर तो आरएनएचा नाही, डीएनएचा.

पायरी ६: मिश्रण आणि प्लेट

२० मायक्रोलिटरच्या एका अभिक्रियेसाठी माझं नेहमीचं माप, मायक्रोलिटरमध्ये:

- दुप्पट तीव्रतेचा मास्टर मिक्स १०
- १० मायक्रोमोलरचे दोन्ही प्रायमर, प्रत्येकी ०.८
- १० मायक्रोमोलरचा प्रोब ०.४
- पाणी ३
- नमुना ५

म्हणजे प्रायमर प्रत्येकी ४०० नॅनोमोलर, प्रोब २००. २४ अभिक्रिया असतील तर मिश्रण २६ चं करा. मिश्रण उलटसुलट करून हलवा, जोरात घुसळून फेस काढू नका, मग क्षणभर फिरवा.

नमुना घालताना टिपचं टोक द्रावणात जेमतेम बुडवा. खोल बुडवलंत तर बाहेरून चिकटलेला थेंबही सोबत जातो, आणि ५ मायक्रोलिटरमध्ये तो थेंब म्हणजे मोठी चूक. सोडल्यावर टिप उजेडात धरून पाहा, आत काही लोंबतंय का. क्रम असा: आधी सगळे नमुने, मग पॉझिटिव्ह कंट्रोल, आणि एनटीसी शेवटपर्यंत उघडा ठेवून सर्वांत शेवटी बंद. काहीजण एनटीसी आधीच झाकून टाकतात. तो स्वच्छ येतो खरा, पण बाकीच्या ट्यूब उघड्या असताना काय घडलं ते सांगत नाही.

नमुना थोडका असेल तर प्रत्येकाच्या तीन ट्यूब तरी लावा. एकीत सरासरी एक रेणू असेल तर तिन्ही रिकाम्या निघण्याची शक्यता ५ टक्के. वरचंच गणित, फक्त रेणू तीन ट्यूबमध्ये वाटले.

कार्यक्रम साधा: ९५ अंशांवर किटमध्ये सांगितली तितकी मिनिटं, मग ९५ वर १५ सेकंद आणि ६० वर १ मिनिट, अशा ४० ते ४५ फेऱ्या.

पायरी ७: निकाल वाचणे

सीटीचा तक्ता आधी उघडू नका. आलेख बघा. खरी वाढ आधी सपाट, मग एकदम चढ, मग पुन्हा सपाट, अशी झोपलेल्या एससारखी दिसते. हळूहळू तिरकी सरकत रेषा ओलांडणारी ओळ ही वाढ नव्हे, तरी मशीन तिला निमूटपणे ३९ असा सीटी देऊन मोकळं होतं. साइबर वापरला असेल तर वितळण वक्रात (शेवटी हळूहळू तापवताना उजेड कसा उतरतो त्याच्या आलेखात) एकच टोकदार शिखर हवं.

नवीन प्रायमरची परीक्षा दहा-दहापट पातळ केलेल्या पाच-सहा द्रावणांवर घ्या. सीटी विरुद्ध प्रमाणाच्या लॉगचा उतार उणे ३.३२ आला तर प्रत्येक फेरीला पूर्ण दुप्पट. उणे ३.१ ते उणे ३.६ चालतं, म्हणजे कार्यक्षमता सुमारे ९० ते ११० टक्के.

या आलेखातून एक फार कामाचा आकडा मिळतो: एका रेणूचा सीटी. चांगल्या बसलेल्या चाचणीत तो साधारण ३६ ते ३८ येतो. आता नमुन्यात ४२ आला तर? अर्धा रेणू नसतो. एकाहून कमी असूच शकत नाही, मग एका रेणूपेक्षा चार-पाच फेऱ्या उशीर का? अडथळा आहे, रेणू खराब आहे, नाहीतर तो आपला नाहीच. कुठल्या सीटीच्या पुढे काय म्हणायचं हे निकाल बघण्याआधीच लिहून ठेवा. बघितल्यानंतर मन आपल्याला हवा तो आकडा निवडतं.

अडथळा ओळखायला नमुना दहापट पातळ करून परत लावा. सीटी ३.३ ने वाढला तर ठीक. एक-दोननेच वाढला, किंवा उलट कमी झाला, तर आत पॉलिमरेजचा वैरी आहे. पण तीन-चार रेणूंचा नमुना पातळ केला तर उरणार काय? तिथे वेगळा मार्ग: शुद्धीकरणाआधीच ठरावीक प्रतींचा परका क्रम नमुन्यात घालायचा आणि तो दुसऱ्या रंगाच्या प्रोबने मोजायचा. तो वेळेवर आला आणि आपला आला नाही, तरच निगेटिव्ह म्हणायचं. तोही आला नाही तर निकाल निगेटिव्ह नाही, बाद.

तीनपैकी एकाच ट्यूबमध्ये सीटी ३७, बाकी दोन रिकाम्या, ब्लँक आणि एनटीसी स्वच्छ. हे दृश्य वारंवार दिसेल. कुणी म्हणेल धूळ, कुणी म्हणेल सापडला. मोजक्या रेणूंचा खरा नमुना असाच दिसतो, आणि तुरळक भेसळही अशीच दिसते. उरलेल्या द्रावणातून आणखी सहा-आठ ट्यूब लावा, आणि सोबत तितकेच एनटीसी. तीन ट्यूबशी एक एनटीसी ही तुलनाच नाही. नमुन्याच्या नऊपैकी तीन आणि एनटीसीच्या नऊपैकी शून्य आले, तर बोलायला काही आधार मिळतो. जमल्यास त्याच जिवाणूचा किंवा विषाणूचा दुसरा भाग पकडणारे प्रायमर लावा. एका प्रायमरच्या तुकड्याची धूळ दुसऱ्याला दिसत नाही.

याहून पुढे

नेमकी मोजदाद हवी असेल तर डिजिटल पीसीआर. यात मिश्रण हजारो सूक्ष्म थेंबांत वाटतात, थेंबाच्या यंत्रात साधारण वीस हजार, आणि कितीत उजेड पडला ते मोजून प्रतींची संख्या थेट काढतात. स्टँडर्ड कर्व्ह (पातळ द्रावणांचा वरचा आलेख) लागत नाही, अडथळ्यांचा त्रासही कमी. पण ट्यूबमध्ये न पोचलेला रेणू तोही शोधू शकत नाही. यंत्र न्यायची सोय नाही अशा ठिकाणी डीएनए वाढवण्याची लॅम्प नावाची पद्धत आहे: ६० ते ६५ अंशांचं एकच तापमान, चार ते सहा प्रायमर. झटपट होतं, मात्र त्यात तुकडे इतके अफाट तयार होतात की भेसळीच्या बाबतीत ते पीसीआरपेक्षाही खट्याळ.

दिवस संपताना उरलेला नमुना दोन-तीन ट्यूबमध्ये वाटून गोठवा, कारण दर वेळी वितळवला की थोडा तुटतो. झाकणावर तारीख, किती मायक्रोलिटर उरलं आणि कितव्यांदा वितळला ते लिहा. बाजूवरही लिहा. झाकणं बदलली जातात.